विश्लेषण : तोट्यातील दैनिकासाठी आठ कोटी युरो कशाला? मार्सेच्या ‘ला प्रोव्हान्स’ची मालकी हातोहात कशी फिरली?

फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल माक्राँ १९ मार्च २०२४ रोजी मार्से शहरातील ला कास्तेलान या वसाहतीत गेले. फुटबॉलपटू झिनेदिन झिदान याच वसाहतीत लहानाचा मोठा झाला. अलीकडे तिचे नाव अमली पदार्थांच्या टोळ्यांमुळे येते. टोळ्यांविरुद्ध पोलिसांनी उघडलेल्या मोठ्या मोहिमेचा गाजावाजा करणे हा भेटीचा हेतू होता. दोन दिवसांनी, २१ मार्चला, शहरातील प्रमुख दैनिक ‘ला प्रोव्हान्स’ने पहिल्या पानावर मथळा दिला : ‘ते गेले, आम्ही मात्र अजून इथेच आहोत...’ सोबत पोलिसांच्या गस्तीकडे पाहणाऱ्या दोघांचे छायाचित्र होते. त्यानंतर चार दिवसांत या दैनिकात जे घडले, त्यामुळे वृत्तपत्राचा मालक कोण आणि त्याचा बाकीचा धंदा काय, हा प्रश्न फ्रान्समध्ये पुन्हा ऐरणीवर आला.

चार दिवसांत काय घडले?

मथळ्यातील वाक्य वसाहतीतील एका रहिवाशाचे होते आणि आतल्या बातमीत ते तसेच छापले होते. पोलीस येतात, नेते येतात, कॅमेरे येतात आणि निघून जातात, राहणाऱ्यांचे प्रश्न तिथेच राहतात, असा त्याचा अर्थ. पण मथळा आणि छायाचित्र एकत्र पाहिले तर हे टोळीवाल्यांचेच आव्हान वाटू शकते, असा आक्षेप निघाला. २२ मार्चच्या अंकात व्यवस्थापनाने वाचकांची माफी मागितली. त्याच दिवशी संपादकीय संचालक ओरेलियाँ व्हिएर यांना निलंबित करण्यात आले.

मथळा संदिग्ध होता की नव्हता, यावर वाद होऊ शकतो. संपादकांच्या बैठकीत असे वाद रोज होतात. मात्र अध्यक्षांना झोंबेल अशा पहिल्या पानानंतर चोवीस तासांत संपादक घरी बसतो, तेव्हा तो वाद मथळ्यापुरता राहत नाही. पत्रकारांनी बेमुदत संप पुकारला. समूहातील ‘ला त्रिब्यून’ आणि समूहात लवकरच येऊ घातलेल्या ‘बीएफएम’ या वृत्तवाहिनीच्या पत्रकारांनीही पाठिंबा दिला. सोमवारी, २५ मार्चला, व्हिएर पुन्हा आपल्या खुर्चीवर होते.

मालकाच्या दृष्टीने ही वेळ फारच अडचणीची होती. ‘ला प्रोव्हान्स’ ज्यांच्या मालकीचे आहे, त्या सीएमए सीजीएम या जहाज कंपनीने आदल्याच आठवड्यात, १५ मार्चला, ‘बीएफएम’ आणि ‘आरएमसी’ या वाहिन्या १५५ कोटी युरोंना घेण्याचे जाहीर केले होते. त्या व्यवहारावर नियामकांची मोहोर उमटायची होती.

बंदुकीच्या धाकाने सुरू झालेले वृत्तपत्र

मराठी वाचकाला हे शहर ‘मार्सेलिस’ म्हणून ठाऊक आहे. ८ जुलै १९१० रोजी विनायक दामोदर सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून समुद्रात उडी घेतली, ती याच बंदरात. त्या काळी इथल्या वाचकांवर दोन दैनिकांची हुकमत होती. एक ‘ल पती मार्सेये’ आणि दुसरे डाव्या-रॅडिकल विचारांचे ‘ल पती प्रोव्हांसाल’. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा अंमल असतानाही ही दोन्ही पत्रे निघत राहिली आणि तेच त्यांच्या मुळावर आले. ऑगस्ट १९४४ मध्ये शहर मुक्त होऊ लागताच नाझींच्या काळात छापली गेलेली वृत्तपत्रे बंद करून त्यांच्या इमारती, छापखाने प्रतिकार चळवळीतील गटांच्या हवाली करण्यात आले. फ्रान्सभर हेच झाले. आज जी प्रादेशिक फ्रेंच दैनिके दिसतात, त्यांतली बरीचशी १९४४ च्या या उलथापालथीतून जन्मली आहेत.

मार्सेमध्ये गास्ताँ दफेर या समाजवादी वकिलाने सशस्त्र साथीदारांसह ‘ल पती प्रोव्हांसाल’च्या कचेरीचा ताबा घेतला आणि तिथून ‘ल प्रोव्हांसाल’ सुरू केले. साम्यवाद्यांचे भूमिगत पत्र ‘ला मार्सेएझ’ हे दुसऱ्या इमारतीत स्थिरावले. उजव्यांचे ‘ल मेरिदियोनाल’ही त्याच वर्षी निघाले. वृत्तपत्र धनदांडग्यांच्या हाती राहू नये, त्याचा मालक कोण हे वाचकाला कळलेच पाहिजे, असा त्या वेळचा संकल्प होता. २६ ऑगस्ट १९४४ च्या वटहुकुमात तो लिहूनही ठेवण्यात आला. मार्सेमध्ये त्याचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

महापौर तोच, मालकही तोच

दफेर १९५३ मध्ये मार्सेचे महापौर झाले आणि १९८६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. म्हणजे सलग ३३ वर्षे शहराचा कारभारी आणि शहरातील सर्वांत मोठ्या दैनिकाचा सर्वेसर्वा एकच माणूस होता. मधल्या काळात ते फ्रान्स्वा मितराँ यांच्या सरकारात गृहमंत्री झाले आणि सत्तेच्या विकेंद्रीकरणाचा १९८२ चा महत्त्वाचा कायदा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. माणूस तापट होता. १९६७ मध्ये संसदेतील बाचाबाचीनंतर त्यांनी एका खासदाराशी चक्क तलवारीने द्वंद्व केले. फ्रान्समधील ते शेवटचे द्वंद्व मानले जाते.

उजव्यांचे ‘ल मेरिदियोनाल’ तेव्हा झाँ फ्रेसिने यांच्याकडे होते. तेही मार्सेमधील जहाजमालकच. म्हणजे या शहरात जहाजे चालवणाऱ्याने वृत्तपत्र बाळगण्याची गोष्ट काही २०२२ मध्ये सुरू झालेली नाही. १९७१ मध्ये फ्रेसिने यांनी ते विकले आणि घेणारे होते दफेर. समाजवादी महापौर आता शहरातील डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही दैनिकांचा धनी झाला. दोन्हींची भूमिका मात्र वेगळीच ठेवण्यात आली. वाचक, आणि अर्थात जाहिरातदारही, वेगळे होते.

त्याची किंमत १९७३ मध्ये दिसली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये एका मनोरुग्ण अल्जेरियन माणसाने मार्सेमध्ये बसचालकाचा खून केला. दुसऱ्या दिवशी ‘ल मेरिदियोनाल’चे मुख्य संपादक गाब्रिएल दोमेनेक यांनी अल्जेरियन स्थलांतरितांना सरसकट चोर, गुंड, बलात्कारी ठरवून ‘आता पुरे’ म्हणणारा अग्रलेख लिहिला. पुढच्या काही आठवड्यांत शहरात आणि परिसरात उत्तर आफ्रिकी वंशाच्या अनेकांचे खून पडले. दोमेनेक पुढे १९८६ मध्ये नॅशनल फ्रंट या अतिउजव्या पक्षाचे खासदार झाले. हा अग्रलेख ज्या पत्रात छापला गेला, त्याची मालकी समाजवादी महापौराकडे होती. मालकाने संपादकाच्या कामात लुडबुड करू नये, हे तत्त्व ऐकायला सोपे आहे. पण मालकाने कुठे बोलायचे, कुठे गप्प बसायचे, याचे उत्तर त्या तत्त्वातून मिळत नाही, हे मार्सेने पन्नास वर्षांपूर्वीच पाहिले आहे.

क्षेपणास्त्रवाल्यांकडून तापींकडे

दफेर गेले आणि वर्षभरात, १९८७ मध्ये, दैनिक आशेत या प्रकाशन समूहाकडे गेले. आशेतचे प्रमुख झाँ-ल्यूक लागार्देर यांचा दुसरा मोठा उद्योग मात्रा, म्हणजे क्षेपणास्त्रे आणि संरक्षण सामग्री. ज्या उद्योगाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक सरकार आहे, तो वृत्तपत्रांचा मालक होतो, ही फ्रान्समधील जुनीच तऱ्हा आहे. विमाने बनवणारे दासो कुटुंब आज ‘ल फिगारो’चे मालक आहे, आपल्याकडे राफेल विमानांमुळे हे नाव माहीत झाले.

१९९७ मध्ये लागार्देर समूहाने ‘ल प्रोव्हांसाल’ आणि ‘ल मेरिदियोनाल’ एकत्र करून ‘ला प्रोव्हान्स’ काढले. खप घसरत होता, दोन संपादक मंडळे पोसणे परवडत नव्हते. एकमेकांच्या विरोधात उभे राहण्यात ज्यांनी आयुष्य घालवले, त्या दोन पत्रांचे वाचक एकाच अंकाच्या पदरात पडले. अशा विलीनीकरणात होते तेच झाले. मते सौम्य झाली, फुटबॉलची पाने वाढली. मार्सेसारख्या शहरात ते चालूनही गेले.

लागार्देर यांनी २००७ मध्ये दक्षिणेकडची आपली सारी दैनिके ‘निस-मातँ’सह एर्साँ समूहाला विकली. एर्साँ घराण्याचे मूळ पुरुष रोबेर एर्साँ यांनी एके काळी देशभरातील इतकी वृत्तपत्रे गिळली होती, की त्यांना आवर घालण्यासाठी १९८४ मध्ये कायदा करावा लागला. त्यांच्या मुलाची ही खरेदी मात्र चुकीच्या वेळी झाली. पुढच्याच वर्षी जागतिक मंदी आली, जाहिराती आटल्या आणि समूह कर्जाखाली दबला.

डिसेंबर २०१२ मध्ये बँकांच्या तगाद्यातून एर्साँ यांना सोडवायला आले बर्नार तापी. तापी हे एका वाक्यात मावणारे व्यक्तिमत्त्व नव्हे. बुडीत कंपन्या विकत घेऊन श्रीमंत झालेला उद्योजक, आदिदासचा एके काळचा मालक, मितराँ यांच्या काळातील मंत्री, गायक, नट. मार्सेपुरते बोलायचे तर १९९३ मध्ये मिलानला हरवून चॅम्पियन्स लीग जिंकणाऱ्या ऑलिम्पिक मार्से क्लबचा अध्यक्ष. त्याच वर्षी एक सामना पैसे देऊन फिरवल्याचे प्रकरण उघड झाले आणि तापी तुरुंगात जाऊन आले. तरीही मार्सेमधील टॅक्सीवाल्याला विचारले, तर तापी आपला माणूस.

आदिदासच्या विक्रीत क्रेदी लियोने या सरकारी बँकेने आपल्याला फसवले, असा तापींचा दावा होता. २००८ मध्ये एका लवादाने त्यांना व्याजासह सुमारे ४० कोटी युरो मंजूर केले. त्यातले साडेचार कोटी केवळ मनस्तापापोटी. याच पैशाच्या जोरावर ते वृत्तपत्राचे मालक झाले. २०१३ मध्ये एर्साँ यांच्याशी वाटणी होऊन ‘ला प्रोव्हान्स’ त्यांच्याकडे आले. पण २०१५ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने तो निवाडाच रद्द करून सगळी रक्कम परत करण्याचा आदेश दिला. या लवादाला अर्थमंत्री म्हणून संमती देणाऱ्या क्रिस्तीन लागार्द यांनाही २०१६ मध्ये हलगर्जीपणाबद्दल दोषी धरले गेले. शिक्षा मात्र झाली नाही. तापींच्या कंपन्या २०२० मध्ये दिवाळखोरीत निघाल्या, ३ ऑक्टोबर २०२१ रोजी कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला आणि ‘ला प्रोव्हान्स’चे ८९ टक्के समभाग अवसायकांच्या टेबलावर येऊन पडले.

बोली : दोन कोटी विरुद्ध आठ कोटी दहा लाख

उरलेले ११ टक्के समभाग झाव्हिए निएल यांच्याकडे होते. ‘फ्री’ ही दूरसंचार कंपनी उभी करणारे निएल ‘ल माँद’चे भागीदार आणि शेजारच्या ‘निस-मातँ’चे मालक. दोन शेजारी दैनिके एकत्र चालवली तर छपाई, वितरण, जाहिरात या सगळ्यांत बचत, असा त्यांचा हिशेब धंद्याच्या दृष्टीने सरळ होता. त्यांनी दोन कोटी युरो देऊ केले. एव्हाना खप लाखाच्या खाली गेला होता, तोटा चालूच होता. अशा पत्राची ही किंमत बाजाराच्या मानाने वावगी नव्हती.

सीएमए सीजीएमचे अध्यक्ष रोदोल्फ सादे यांनी ८ कोटी १० लाख युरोंची बोली लावली. तेव्हाच्या दराने सुमारे साडेसहाशे कोटी रुपये. निएल यांच्या चौपट. सोबत नोकरकपात करणार नाही, असे आश्वासन.

अवसायकाचे काम देणेकऱ्यांचे पैसे जास्तीत जास्त वसूल करणे. वृत्तपत्राचे भले कोणाकडे, हे ठरवणे नव्हे. आणि इथे मुख्य देणेकरी होती क्रेदी लियोनेची जुनी बुडीत प्रकरणे निस्तरणारी सरकारी संस्था. म्हणजे सादे जो पैसा मोजणार, तो शेवटी सरकारी तिजोरीकडेच वळणार होता. नव्या भागधारकाला विद्यमान भागधारकांची संमती लागते, या कंपनीच्या नियमावलीतील कलमावर बोट ठेवून निएल न्यायालयात गेले. काही महिने दोन अब्जाधीशांची ही ओढाताण चालली. पगाराची धास्ती असलेल्या कर्मचाऱ्यांचा कल साहजिकच मोठ्या बोलीकडे होता. ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस निएल यांनी माघार घेतली. ‘ला प्रोव्हान्स’ आणि त्याच्याबरोबर ‘कॉर्स-मातँ’ हे कॉर्सिका बेटावरचे दैनिकही सादेंकडे आले.

जहाज कंपनीला वृत्तपत्र कशाला हवे?

सीएमए सीजीएमचे मुख्यालय म्हणजे झाहा हादिद यांनी रचलेला मार्सेच्या बंदरावरचा १४७ मीटर उंच काचेचा मनोरा. लेबनॉनमधील यादवीला कंटाळून आलेले जाक सादे यांनी १९७८ मध्ये एका जहाजावर ही कंपनी सुरू केली. आज ती कंटेनर वाहतुकीत जगात तिसऱ्या क्रमांकाची आहे. न्हावा शेवा बंदरातील एक टर्मिनल जे. एम. बक्षी समूहाच्या भागीदारीत ती चालवते, त्यामुळे महाराष्ट्राला ती अगदीच परकी नाही.

करोनाकाळात कंटेनरचे भाडे आकाशाला भिडले आणि कंपनीला २०२१ मध्ये १,७९० कोटी डॉलर, तर २०२२ मध्ये २,४९० कोटी डॉलर नफा झाला. ही रक्कम लक्षात घेतली, की ‘ला प्रोव्हान्स’साठी मोजलेल्या ८ कोटी १० लाख युरोंचे कोडे सुटते. २०२२ च्या दराने तो जेमतेम सव्वा दिवसाचा नफा. निएल यांनी वृत्तपत्राची किंमत वृत्तपत्र म्हणून लावली. सादेंनी ती त्या हिशेबाने लावलेलीच नव्हती.

मग कोणत्या हिशेबाने? आपल्या शहराचे वृत्तपत्र परक्या हाती जाऊ नये, ही भावना खरी असू शकते. सादे घराण्याचे सगळे मार्सेमध्येच आहे. पण भावनेपलीकडेही बरेच काही आहे. फ्रान्समध्ये जहाज कंपन्यांना नफ्यावर नव्हे, तर जहाजांच्या क्षमतेवर, टनांवर, कर भरण्याची मुभा आहे. भाव चढले तरी कर तेवढाच राहतो. विक्रमी नफ्यानंतर ही सवलत काढा, जादा नफ्यावर कर लावा, अशी मागणी २०२२ पासून संसदेत सतत होत आली. २०२५ च्या अर्थसंकल्पात बड्या जहाज कंपन्यांवर खास अधिभार आलाही. पण टन-कराची मूळ व्यवस्था कायम राहिली. शिवाय मार्सेचे बंदर सरकारी आहे. २००९ च्या मंदीनंतर कंपनी कर्जात अडकली, तेव्हा सरकारी गुंतवणूक निधीने तिच्यात भांडवल घातले होते. माक्राँ यांनी २०२१ मध्ये मार्सेसाठी अब्जावधी युरोंची खास योजना जाहीर केली. अशा कंपनीसाठी सरकारशी संबंध चांगले असणे ही सोय नसते, धंद्याची गरज असते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी मार्सेला गेले, सावरकरांचे स्मरण केले, भारताच्या नव्या वाणिज्य दूतावासाचे उद्घाटन केले. त्याच दौऱ्यात माक्राँ त्यांना घेऊन सीएमए सीजीएमच्या मनोऱ्यातील नियंत्रण कक्षातही गेले. यजमान होते सादे. दुसऱ्या दिवशी या भेटीची बातमी छापणाऱ्या शहरातल्या मोठ्या दैनिकाचे मालकही तेच. यात बेकायदा काही नाही. पण सादे, सरकार आणि ‘ला प्रोव्हान्स’ हे तिघे एकमेकांच्या किती जवळ आहेत, ते दिसते.

त्यामुळे मार्च २०२४ मध्ये सरकारमधून कोणी फोन केला होता का, हा तेव्हा बराच चघळला गेलेला प्रश्न तसा दुय्यम आहे. फोन येण्याची गरजच न पडणे, ही खरी चिंतेची बाब. ज्याला सरकारकडून खूप काही हवे आहे, त्याच्या हाताखालचे व्यवस्थापन स्वतःहूनच घाबरते.

कायद्याचे संरक्षण किती?

पत्रकारांना कायद्याने दिलेली फ्रान्सइतकी जुनी कवचे फार कमी देशांत आहेत. १९३५ च्या ब्राशार कायद्यानुसार वृत्तपत्र विकले गेले, तर पत्रकार नुकसानभरपाई घेऊन बाहेर पडू शकतो. नवा मालक आपल्याला पटत नाही, एवढे कारण पुरते. भूमिका बदलून पत्रकाराच्या प्रतिष्ठेला बाध आला तरीही हीच सोय. २०१६ च्या कायद्याने आपल्या व्यावसायिक विवेकाविरुद्ध काम करायला नकार देण्याचा हक्कही दिला. १९८६ च्या कायद्याने एका समूहाला देशातील दैनिकांच्या एकूण खपाच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त हिस्सा घेण्यास मनाई आहे.

कागदावर हे भक्कम दिसते. पण पहिली सोय बाहेर पडण्याची आहे, आत राहून लढण्याची नव्हे. मालक बदलला की अनुभवी मंडळी पैसे घेऊन निघून जातात, आणि ज्यांनी मालकाला ‘नाही’ म्हणायचे तेच कमी होतात. ३० टक्क्यांची मर्यादा छापील खपापुरती आहे. दैनिक, वाहिनी, रेडिओ आणि मोबाइलवरचे व्हिडीओ असे सगळे एका हाती आले, तर ती काही बोलत नाही. सादेंकडे आज नेमके असेच मिश्रण आहे. ‘ला प्रोव्हान्स’, ‘कॉर्स-मातँ’, आर्थिक वृत्तपत्र ‘ला त्रिब्यून’, त्याची रविवारची आवृत्ती, ‘बीएफएम’, ‘आरएमसी’ आणि तरुणांमध्ये चालणारे ‘ब्रूत’. संपादक नेमताना किंवा काढताना संपादकीय विभागाची संमती घेतलीच पाहिजे, असे तर कोणताच कायदा म्हणत नाही. ‘ल माँद’सारख्या काही पत्रांनी करार करून तो हक्क मिळवला आहे. ‘ला प्रोव्हान्स’च्या पत्रकारांकडे तो नव्हता. म्हणूनच त्यांना रस्त्यावर यावे लागले.

एक संप जिंकला, दुसरा का हरला?

त्याच्या आदल्या वर्षी, जून २०२३ मध्ये, ‘जुर्नाल द्यु दिमांश’ या रविवारच्या पत्रात अतिउजव्या विचारांच्या संपादकाची नेमणूक झाली. व्हाँसाँ बोलोरे यांचा उद्योगसमूह तेव्हा लागार्देरची कंपनी ताब्यात घेत होता. पत्रकारांनी सुमारे सहा आठवडे संप केला. काहीही बदलले नाही. बहुतेक पत्रकार सोडून गेले, पत्र नव्या वळणाने निघू लागले. त्या रिकाम्या झालेल्या जागेत ऑक्टोबर २०२३ मध्ये सादेंनी ‘ला त्रिब्यून दिमांश’ सुरू केले. विचारसरणी लादणारा मालक नको असलेल्या पत्रकारांसाठी आणि वाचकांसाठी ही बरी जागा, असा त्या वेळी त्याचा बोलबाला होता.

पाच महिन्यांत मार्सेचा मथळा आला. तिथे मात्र तीन दिवसांत व्यवस्थापन नमले. फरक पत्रकारांच्या धैर्यात नव्हता. बोलोरे यांना पत्राची दिशाच बदलायची होती, त्यासाठी सगळे पत्रकार गेले तरी त्यांचे नुकसान नव्हते. सादेंना तसा अजेंडा नव्हता. त्यांना सरकारशी वैर नको होते, आणि ‘बीएफएम’चा व्यवहार नियामकांपुढे असताना ‘संपादकाला काढणारा मालक’ हा शिक्काही नको होता. पत्रकारांचा संप बरोबर या दोन नको-नकोंच्या मध्ये जाऊन बसला. वेळ वेगळी असती, तर निकालही वेगळा लागू शकला असता.

दुसरे मार्ग आहेत का?

फ्रान्समध्ये सर्वाधिक खपाचे दैनिक पॅरिसचे नाही, रेन शहरातून निघणारे ‘वेस्त-फ्रान्स’ आहे. तेही ऑगस्ट १९४४ चेच अपत्य. १९९० मध्ये बाहेरचा कोणी ते गिळंकृत करील, या धास्तीने भागधारकांनी मालकी एका ना-नफा संस्थेकडे सोपवली. तिला भागधारक नाहीत, त्यामुळे विकत घेता येईल असे काही उरतच नाही. नफा पत्रातच राहतो. अर्थात ही तजवीज पत्र चांगले चालत असताना केली गेली. बुडत्या पत्राचे समभाग दान केले, तर संस्थेच्या गळ्यात फक्त देणी पडतात.

‘निस-मातँ’ने दुसरा प्रयोग केला. ते २०१४ मध्ये दिवाळखोरीच्या दारात असताना कर्मचाऱ्यांनी वाचकांकडून वर्गणी काढून, सहकारी संस्था स्थापून ते स्वतःच घेतले. साखर कारखान्यापासून दूधसंघापर्यंत सहकार पाहिलेल्या मराठी वाचकाला पुढचे वळण ओळखीचे वाटेल. भांडवल पुरेना म्हणून दोन वर्षांत बेल्जियमच्या एका कंपनीला हिस्सा द्यावा लागला, आणि अखेर कर्मचाऱ्यांनीच मतदान करून दैनिक निएल यांच्याकडे सोपवले. बाकी प्रादेशिक पत्रांपैकी पूर्वेकडची बहुतेक क्रेदी म्युत्युएल या बँकेच्या ताब्यात आहेत, तर तुलूजचे ‘ला देपेश द्यु मिदी’ बेले या राजकारणी कुटुंबाकडे.

सप्टेंबर २०२४ मध्ये माहिती क्षेत्रावरील राष्ट्रीय परिषदेने, जी माक्राँ यांनीच नेमली होती, १५ शिफारशी केल्या. संपादकाच्या नेमणुकीबाबत पत्रकारांना आधी कळवावे, मालकांच्या हितसंबंधांची माहिती उघड असावी, अशा काही सूचना त्यांत आहेत. नेमणूक रोखण्याचा अधिकार पत्रकारांना द्यावा, इथपर्यंत त्या जात नाहीत. युरोपीय संघाचा माध्यम स्वातंत्र्य कायदा ऑगस्ट २०२५ पासून पूर्णपणे लागू झाला असून, संपादकीय निर्णयांत ढवळाढवळ होऊ नये यासाठी उपाय योजणे वृत्तसंस्थांकडून त्यात अपेक्षित आहे. ते उपाय कोणते, हे बऱ्याच अंशी त्यांच्यावरच सोडले आहे. फ्रान्समध्ये अध्यक्षपदाची पुढची निवडणूक २०२७ मध्ये आहे. माक्राँ पुन्हा उभे राहू शकत नाहीत. जो कोणी निवडून येईल, त्याच्यापुढे टन-कराचा प्रश्न असेल आणि मार्सेच्या बंदराचाही.